उद्याचे नियोजन करणाऱ्याने वर्तमानाला शरण कसे जावे?

चाकणवासी (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी चाकण येथील वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम करतो. पुढील महिन्यात कोणता भाग किती लागेल, त्याचे पोलाद केव्हा यायला हवे, कोणत्या मशीनवर कोणत्या पाळीत काय लावायचे आणि यांतले काही फसले तर पर्याय कोणता, हे आधी ठरवून ठेवण्याबद्दल मला पगार मिळतो. घरी आल्यावर मी ज्ञानेश्वरी वाचतो. आमच्या वाचनमंडळात सध्या असा विचार मांडला जात आहे, की पुढची चिंता सोडून समोर आलेल्या क्षणाला पूर्ण शरण जाणे आणि त्या क्षणी आतून जे उमटेल ते करणे हीच साधना होय. बेत आखतो तो अहंकार, आणि बेत गळून पडल्यावर उरतो तो ईश्वर.

हे ऐकताना मन ओढले जाते, कारण त्याची थोडी चव मला मिळाली आहे. गेल्या पावसाळ्यात आमचा माल आणणारी गाडी घाटात अडकून पडली. सगळे फोन करून झाले होते, दुसऱ्या पुरवठादाराकडे साठा नव्हता आणि रात्रपाळीत लाइन थांबणार हे स्पष्ट दिसत होते. करण्यासारखे काही उरले नाही तेव्हा मी स्टोअरच्या दाराशी उभा राहिलो, आणि डोक्यातला हिशेब एकाएकी थांबला. पत्र्यावरचा पाऊस, मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचा आवाज, शेजारी उभ्या असलेल्या हमालाचा खोकला, एवढेच काय ते होते. थोड्या वेळाने सुपरवायझर आला आणि असलेल्या मालात कोणता भाग आधी चालवायचा हे मी त्याला क्षणाचाही विलंब न लावता सांगून गेलो. बसून विचार केला असता तरी त्याहून चांगले सुचले नसते.

मात्र ती अवस्था पुन्हा आणू पाहिली की ती हाती लागत नाही. वर्तमानात राहणे हेच एक नवे उद्दिष्ट होऊन बसते आणि ते साधले की नाही याचाही हिशेब मन ठेवू लागते. शिवाय सकाळी नऊ वाजता मी पुन्हा पुढच्या महिन्याचा तक्ता उघडतो. म्हणजे संध्याकाळी ज्याला अहंकार म्हणायचे, तोच दिवसभर पोसत बसायचे काय?

आणखी एक गोष्ट याहून अधिक बोचते. मंडळातील एका मित्राने ही शिकवण पूर्णपणे अंगीकारली आहे. त्याने विम्याचे हप्ते भरणे सोडले, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला तो जात नाही, आणि मुलीच्या कॉलेजप्रवेशाचा विषय निघाला की "ठेविले अनंते तैसेचि राहावे" असे म्हणून तो गप्प होतो. घरचे सारे त्याची पत्नी निमूटपणे निभावते. तो शांत दिसतो आणि मी दिसत नाही, त्यामुळे त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शरणागती कोठे संपते आणि जबाबदारी झटकणे कोठे सुरू होते, हे कोणी स्वतःच्या अनुभवातून आणि संतवचनांच्या आधाराने सांगू शकेल काय?

इंद्रायणीकाठ

चाकणवासी यांस सप्रेम रामकृष्णहरी.

आपल्या मित्राने ज्या अभंगाचा आधार घेतला आहे तो त्यांनी पुरा वाचावा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या चरणानंतर लगेच तुकोबा म्हणतात, "वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ", आणि शेवटी या संसाराचा भार देवाच्या पायी घालतात. टाकायला सांगितला आहे तो उद्वेग. हप्ता भरू नये किंवा वैद्याकडे जाऊ नये, असे त्यातून कोठेही निघत नाही. "जोडोनिया धन उत्तम वेव्हारे । उदास विचारे वेच करी" हेही त्याच तुकोबांनी सांगितले आहे, आणि व्यवहार करून धन जोडायचे म्हटले की उद्याचा विचार आलाच. "असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास" ही ओळ तर आपल्याकडे शाळेच्या भिंतींवर लिहिलेली असते. एकच चरण उचलून घरातला विषय बंद करणे ही आपली जुनी खोड आहे आणि ती तुकोबांवर अन्याय करणारी आहे.

तुकोबांनी स्वतःची वाटचाल ज्या अभंगात सांगितली आहे, तो मला आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा वाटतो. 1630 मध्ये सुरू झालेल्या भीषण दुष्काळाने त्यांचे घर मोडले. "दुष्काळे आटिले द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली" एवढ्या उघड्या शब्दांत ते सांगतात. व्यवसायात तूट आली, जिवाला लाज वाटली. आणि मग पुढची ओळ येते : "देवाचे देऊळ होते ते भंगले । चित्तासी जे आले करावेसे". सगळे गेलेल्या माणसाला समोर मोडकळीला आलेले देऊळ दिसले, ते बांधावे असे मनात आले आणि त्याने ते काम हाती घेतले. आपल्या मंडळात ज्या उत्स्फूर्त कृतीविषयी बोलले जाते, तिचे याहून नितळ उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु अभंग तेथे थांबत नाही. पुढे ते सांगतात की एकादशीचे कीर्तन सुरू केले तेव्हा आधीचा काही अभ्यास नव्हता. म्हणून संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली, आणि जे पुढे गात होते त्यांचे ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरले. ज्यांच्या वाणीला आपण आज स्वयंस्फूर्त म्हणतो, त्यांनी आरंभी दुसऱ्यांच्या ओळी घोकल्या आणि मागे उभे राहून टाळकऱ्याचे काम केले. आतून उमटेल ते करावे, हे खरेच आहे. पण आत आधी काय भरलेले आहे यावर काय उमटेल हे ठरते, आणि ते भरण्याचे काम पाठांतराने, नियमाने, कंटाळा आला तरी बसून करावे लागते.

आता आपल्या मित्राविषयी. तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली ही कथा सर्वांना माहीत असते, पण तिचा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. परंपरेने कथा अशी सांगितली जाते, की त्यांनी आधी खतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा हिस्सा त्याच्या हाती दिला आणि केवळ स्वतःचा हिस्सा डोहात टाकला. स्वतःच्या वाट्याचे येणे सोडण्याचा अधिकार त्यांना होता, भावाचे येणे सोडण्याचा नव्हता, हे त्या विरक्तीच्या भरातही त्यांनी ओळखले होते. विम्याचा हप्ता हा आपल्या मित्राच्या पत्नीचा आणि मुलीचा हिस्सा आहे. तो त्यांना न विचारता बुडवणे याला मी शरणागती म्हणणार नाही.

वारीबद्दलही थोडे लिहितो, कारण वर्तमानात राहणे म्हणजे काय हे मला पुस्तकांपेक्षा तेथे अधिक कळले. आळंदीहून पंढरपूरपर्यंतच्या साधारण अडीचशे किलोमीटरांच्या वाटेवर चालणाऱ्याला ठरवण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. केव्हा उठायचे, केव्हा निघायचे, कोठे थांबायचे, आठवड्याच्या कोणत्या दिवशी कोणते अभंग म्हणायचे, हे सारे आधीच ठरलेले असते. निवड करण्याचे ओझे उतरते आणि मग पाय, टाळ आणि नाम एवढेच उरते. पण हे मोकळेपण येते कोठून? मुक्काम ठरवलेले असतात, तंबूंचा ट्रक पहाटे पुढे गेलेला असतो, कोणीतरी शिधा मोजून घेतलेला असतो आणि टँकर वेळेवर येतो की नाही हे पाहत उभा असलेला एखादा माणूस त्या दिवशी भजनात नसतो. माझ्या मनात त्या माणसाचे स्थान टाळकऱ्याहून कमी नाही. चाकणवासी, आपल्या कारखान्यात यंत्रावर उभा असलेला कामगार समोरच्या कामात निवांतपणे रमू शकतो तो आपल्या तक्त्यामुळे. "तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागी" ही ओवी आपण वाचली असेलच. आपले स्वकर्म उद्याचा विचार करणे हे आहे. तेच फूल वाहावे.

माणदेशकन्या

इंद्रायणीकाठ काकांचे लिखाण आवडले आणि हिश्श्याचा मुद्दा पूर्ण पटला. तरीही एका ठिकाणी मला थांबावेसे वाटते. तुकोबांनी भावाचा हिस्सा भावाला दिला, हे खरे. पण बुडवलेल्या हिश्श्यात त्यांच्या दुसऱ्या पत्नीचा, आवलीचा, आणि लेकरांचा वाटा नव्हता का? त्याच आत्मपर अभंगात तुकोबा "समूळ प्रपंचे वीट आला" असेही म्हणतात. त्यांना वीट आला त्या प्रपंचात चूल पेटवायची कोणी, तर आवलीने. कीर्तनांतून तिला कजाग म्हणून रंगवण्याची प्रथा पडली, परंतु भाकरी घेऊन डोंगरावर त्यांना शोधत जाणारीही तीच होती. तुकोबांवर माझी अपार श्रद्धा आहे आणि ती ठेवूनच मी हे लिहीत आहे. एकाच्या शरणागतीची किंमत घरातले दुसरे कोणी मोजत असेल, तर त्या दुसऱ्या माणसाची साधना मोठी आहे हे निदान मोकळेपणाने मान्य व्हावे. चाकणवासींच्या प्रश्नात त्या मित्राच्या पत्नीसाठी "निमूटपणे" हा एकच शब्द आला आहे. ती निमूट का आहे, हे तिला कोणी विचारले आहे काय?

हे आग्रहाने लिहिण्याचे कारण असे, की "आहे ते स्वीकार" हा उपदेश आपल्याकडे सर्वांना सारखा केला जात नाही. तो सुनेला केला जातो, विधवेला केला जातो, शेताच्या बांधावरून हाकललेल्याला केला जातो. संतांनी मात्र शरण जाताना तोंड बंद ठेवलेले नाही. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, शेणी वेचणे यांतच तिचा देव तिच्याबरोबर राबला. हातातल्या कामात इतके पूर्णपणे असणे म्हणजे आपण ज्याला वर्तमान म्हणतो तेच. आणि तीच जनाबाई डोईचा पदर खांद्यावर आलेला असताना भरल्या बाजारात जाईन म्हणते. सोयराबाईने देहाच्या विटाळाविषयी थेट देवालाच प्रश्न केला. चोखोबांच्या अभंगांत तर तक्रार पानोपानी आहे. त्या दोघांइतके शरण कोण गेले असेल? विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवले, म्हणून माणसांनी केलेला अन्याय त्यांनी देवाची इच्छा मानला नाही.

काकांनी वारीचा उल्लेख केला आहे, म्हणून समाजआरतीची आठवण येथे द्यावीशी वाटते. मुक्कामी संध्याकाळी सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतात, पुकारा होतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, ती सर्वांसमोर मांडली जाते, हरवल्या-सापडल्याची माहितीही तेथेच पुकारली जाते; आणि हे सारे झाल्यावर आरती होते. ज्यांनी सर्वस्व माउलींच्या स्वाधीन केले आहे त्यांच्या मेळ्यातही तक्रारीला आरतीच्या आधीची जागा दिलेली आहे. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते.

गिरगावकर

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. मूळ प्रश्नातील एक भाग मात्र शिल्लक राहिला आहे, तो म्हणजे प्रयत्न करून सहज कसे व्हावे हा पेच. त्याविषयी लिहितो.

आमच्या गिरगावात, खेतवाडीत, निसर्गदत्त महाराज राहत असत. 1897 चा जन्म, बालपण कोकणातील कांदळगावी, मुंबईत विड्यांचे दुकान. 1933 मध्ये त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले आणि 1936 मध्ये गुरूंनी देह ठेवला. मधल्या काळात त्यांनी केले ते इतकेच, की गुरूंनी सांगितल्याप्रमाणे "मी आहे" या जाणिवेवर, तिला काहीही न चिकटवता, रिकामा वेळ मिळेल तेव्हा मन ठेवले. पुढे त्यांच्या माडीवर देशोदेशीचे लोक येत आणि करण्यासारखे काही नाही, आपण आहातच, असे ऐकून परत जात. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना त्यामागची ती तीन वर्षांची एकाग्रता दिसत नसे, आणि ठरावीक वेळी होणारे भजन महाराजांनी उतारवयातही सोडले नाही, याकडेही त्यांचे लक्ष जात नसे. सिद्धरामेश्वर महाराज मुंगीचा मार्ग आणि पाखराचा मार्ग असा भेद करीत आणि विचाराने थेट झेप घेणारा पाखराचा मार्ग शिकवीत. परंतु त्यांनी स्वतः आधी ध्यानाचा दीर्घ अभ्यास केला होता, हे विसरून चालत नाही.

चाकणवासी यांच्यासाठी निसर्गदत्त महाराजांच्या चरित्रातील आणखी एक घटना महत्त्वाची आहे. गुरूंच्या देहावसानानंतर, 1937 मध्ये, ते घर आणि दुकान सोडून निघून गेले. हिमालयात जाऊन उर्वरित आयुष्य घालवावे असा विचार होता. वाटेत एका गुरुबंधूशी झालेल्या बोलण्यातून त्यांना जाणवले की अनासक्त राहून संसारात काम करणे हे अधिक पक्व आहे, आणि काही महिन्यांत ते परत आले. त्यानंतर ते याच गल्लीत राहिले, दुकान चालवले, मुले वाढवली आणि 1981 मध्ये येथेच देह ठेवला. विडीच्या दुकानातही तंबाखू किती आणायची हे आदल्या दिवशी ठरवावे लागतेच.

बेत आखतो तो अहंकार, या आपल्या मंडळातील विधानाविषयी माझे मत असे आहे. मनात बेत उमटणे हीसुद्धा आताच, या क्षणीच घडणारी क्रिया आहे. पावसाचा आवाज जसा त्या संध्याकाळी कानावर आला, तसाच पुढच्या महिन्याचा आकडा सकाळी नऊ वाजता डोक्यात येतो. त्यात वाईट काही नाही. "हे मी ठरवले, म्हणून ते असेच झाले पाहिजे" ही पुढची जोड अहंकाराची असते, आणि तीच उद्वेगाचे मूळ आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला "यथेच्छसि तथा कुरु" असे सांगून निर्णय त्याच्यावर सोपवतात आणि तीनच श्लोकांनंतर "मामेकं शरणं व्रज" म्हणतात. हे दोन्ही ऐकल्यानंतर अर्जुन रथात स्वस्थ बसून राहिला नाही. "करिष्ये वचनं तव" म्हणून उठला, आणि पुढचे अठरा दिवसांचे युद्ध व्यूहरचनेशिवाय लढले गेलेले नाही.

स्टोअरच्या दाराशी जे घडले ते पुन्हा घडवता येणार नाही, कारण तेथे घडवणारा बाजूला झाला होता. ती प्रसादाची वेळ होती. प्रसाद मिळाला, तो खाल्ला, आता त्याची वाट पाहत बसू नये. आपल्या हाती रोजची साधनेची बैठक आहे.

चाकणवासी

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. खतपत्रांच्या वाटणीची कथा मला अर्धीच माहीत होती. माणदेशकन्या ताईंनी विचारलेला प्रश्न रास्त आहे. वहिनींशी या विषयावर आमच्यापैकी कोणी बोललेले नाही.

इंद्रायणीकाठ काकांना एकच विचारावेसे वाटते. रोज दुपारी चार वाजता तुटवड्याची बैठक असते. कोणता भाग आलेला नाही याची यादी वाचली जाते आणि प्रत्येक ओळीला पोटात गोळा येतो. त्या अर्ध्या तासात नेमके काय करावे?

इंद्रायणीकाठ

मी नोकरीत असताना केले ते सांगतो. यादीतील प्रत्येक ओळीपुढे, कोणाला फोन करायचा आणि तो केव्हा करायचा, एवढेच लिहावे. लिहून झाल्यावर तीच ओळ मनात पुन्हा फिरू लागली, तर या फेरीत नवे काही निघते आहे का, ते पाहावे. निघत असेल तर तेही लिहावे. निघत नसेल तर तुकोबांनी ज्याला उद्वेग म्हटले तो हाच, असे ओळखून नाम घ्यावे; नाम जमत नसेल तर समोर जो बोलत आहे त्याचे वाक्य शेवटपर्यंत ऐकावे. पुढे गाणाऱ्याचे ध्रुपद धरणे बैठकीतही करता येते. पोटातला गोळा लगेच जाणार नाही, तो गेला की नाही हे तपासूही नये. काही महिन्यांनी फरक पडतो, आणि बहुधा तो आपल्याआधी शेजारी बसणाऱ्याला जाणवतो.

माणदेशकन्या

माझ्याकडून व्यवहाराचे तेवढे सांगते, कारण तत्त्वचर्चेत ते मागे पडेल. हप्ता चुकल्याने बंद पडलेली विमा पॉलिसी ठरावीक मुदतीत थकबाकी आणि व्याज भरून पुन्हा सुरू करता येते. काही वेळा त्यासाठी वैद्यकीय तपासणी करावी लागते. मुदत उलटल्यावर मात्र ती पुन्हा सुरू करता येत नाही. आपल्या मित्राच्या घरी एकट्याने न जाता घरातील कोणाला तरी सोबत न्यावे, वहिनींना पॉलिसीचे कागद कोठे आहेत ते माहीत आहे का, हे आधी विचारावे, आणि शेवटचा हप्ता केव्हा भरला ती तारीख पाहून घ्यावी. मित्राशी अध्यात्मावर बोलणे त्यानंतर केले तरी चालेल.